नारिंगी टोकाची बंदूक

४ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमचा मुलगा मध्ये बसून निरोप सांगतो तेव्हा त्यातलं निम्मं त्याच्याच मनाचं असतं. म्हणून लिहिते आहे.

बाबांच्या विसरण्याबद्दल मागे कळवलं होतं. आता ते वाढलं आहे. सकाळी सातला उठतात, खाकी शर्ट घालतात आणि बंदूक शोधायला लागतात. पलंगाखाली, कपाटामागे, आत्याच्या साड्यांच्या गठ्ठ्यात. आत्या ओरडते, "अरे, माझ्या साड्यांत कसली बंदूक? मी काय दरोडे घालते?" त्यावर ते ओशाळतात, आणि पाच मिनिटांनी पुन्हा शोधायला लागतात. मी नऊला कामावर निघते. चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासायचं काम आहे, एक ओरखडा सुटला तर परत येतं. या महिन्यात माझी चार परत आली. डोळे भिंगावर आणि कान फोनकडे असतात.

कारण बाबा दोनदा घराबाहेर गेले. थेट तुम्ही दोघं पहाऱ्याला असायचात त्या बँकेपर्यंत. तिथे आता चपलांचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत असेल. दुकानदार भला माणूस, त्याने त्यांना बसवून ठेवलं आणि मला फोन केला. दुसऱ्या वेळी ते मोठा रस्ता सिग्नल न बघता ओलांडून गेले होते. डॉक्टर म्हणतात, अशा माणसांसाठी संस्था असतात, आता विचार करा. घरमालकही तेच म्हणतात, फक्त आवाज चढवून. तिसऱ्यांदा बाहेर गेले तर मला त्यांना तिथे ठेवावं लागेल. मला ते करायचं नाही.

माझ्या मनात एक विचार आला आहे आणि तो बरोबर की चूक ते तुम्हीच सांगा. आमच्या दुकानाच्या ओळीत खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तिथे काचेमागे बंदुका आहेत. खऱ्या नाहीत. त्यांना एअरसॉफ्ट म्हणतात. दिसायला खऱ्यासारख्या, आतून ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्या सुटतात, मोठी माणसं मैदानावर एकमेकांवर झाडून खेळतात. तसली एक बाबांच्या हातात दिली तर ते घरातच थांबतील का?

पण ही फसवणूक आहे ना? मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. जे शिकले ते बाबांनी जुन्या ड्यूटी रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर शिकवलं, आणि गणितं तुम्ही चिठ्ठीवर लिहून त्यांच्या डब्यातून पाठवायचात. "खोटी नोंद करायची नाही" हे मी अ-आ-इ-ई बरोबरच शिकले. आता त्याच माणसाला खोटी बंदूक द्यायची?

पत्राखाली "सर्व ठीक" लिहायची बाबांची सवय मलाही आहे, पण आज लिहवत नाही.

तुमची
शेराबाई


१२ फेब्रुवारी

शेराबाई,

लहानपणी तू रजिस्टरात माझ्या प्रत्येक गणितापुढे शेरा लिहायचीस. "गणित सोपे होते." "आंबे मोजताना काकांची चूक." ते नाव मी उगाच नाही ठेवलं.

दे त्याला बंदूक. फसवणुकीचं म्हणशील, तर बावीस वर्षांत तुझ्या बाबाने किंवा मी त्या खऱ्या दुनळीतून एक बार काढला नाही. बार न काढणारी बंदूक घेऊन दारात उभं राहणं हेच आमचं काम होतं. ते त्याला करू दे.

आता कामाचं. स्वस्तात घ्यायची असेल तर दिसण्यावर जाऊ नकोस. दुकानदार आधी महागडी काढून दाखवेल. गॅसवर चालणारी नको, गॅसचे डबे सांभाळत बसशील. बॅटरीवाली नको, ती घरघर आवाज करते, तो म्हणेल ही बंदूक की मिक्सर. साधी स्प्रिंगची घे. प्रत्येक वेळी हाताने ओढल्याशिवाय तिच्यातून काही सुटत नाही, आणि गोळ्या तू घालणारच नाहीस. लांब नळीची हवी, पिस्तूल नको. पिस्तूल त्याने कधी हातात धरलं नाही. आणि मुख्य म्हणजे हातात घेऊन बघ. डोळा विसरेल, पण त्याचा हात विसरणार नाही.

गुडघा दुखतो. बाकी सर्व ठीक.

रात्रपाळीकाका


२० फेब्रुवारी

ती. काका,

तीन वेळा दुकानात जाऊन आले. पहिल्यांदा आत गेलेच नाही, काचेतूनच बघितलं. दुसऱ्यांदा किंमत विचारली. तिसऱ्यांदा दुकानदारानेच विचारलं, "ताई, भावासाठी का?"

मी म्हटलं, "वडिलांसाठी."

"अरे वा! वय काय?"

"एकाहत्तर."

तो जराही दचकला नाही. म्हणाला, "मग वर दुर्बीण लावून घ्या, नजर कमी झाली असेल."

त्याने आधी गॅसवरची दुनळी काढली. लाकडी दस्ता, काडतुसं भरायला मधोमध मोडते, तुमच्या दुनळीची सख्खी बहीण. किंमत ऐकून मी ती अलगद काउंटरवर ठेवली, ओरखडा पडला तर भरून द्यावा लागेल म्हणून. मग बॅटरीवाली. तुम्ही म्हणता तसा खरोखर मिक्सरचा आवाज. शेवटी कोपऱ्यातून एक काळी, प्लास्टिकची, एकनळी काढली. नळीखालची मूठ मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. स्प्रिंगची. परवडण्यासारखी आहे. पण हातात घेतली तर छत्रीएवढी हलकी. आणि नळीचं टोक नारिंगी आहे, लांबूनही खेळण्यातली आहे हे कळावं म्हणून. ते मी झाकू का? झाकलं तर कुणाला खरी वाटेल आणि काही भलतंच होईल. नाही झाकलं तर बाबा म्हणतील, हे काय आणलंस. घेतली नाही अजून. रोज दुपारच्या सुट्टीत जाऊन ती तिथेच आहे ना ते बघून येते.

आणखी एक विचारायचं आहे. बाबा सकाळी बंदूक शोधतात, पण संध्याकाळी सातला दाराशी येऊन विचारतात, "आला का तो?" मी विचारते, "कोण?" तर माझ्याकडे असं बघतात जणू मी नव्यानेच कामाला लागले आहे. सातला तर तुम्ही यायचात ना? ते तुमच्याबद्दल विचारत असतील का? त्यांना काय सांगू?

शेराबाई


२ मार्च

ती. काका,

माझं पत्र मिळालं का? घाई नाही. पण काल बाबा जिन्यापर्यंत गेले होते. आत्याने शर्ट धरून परत आणलं. शर्टाचं बटण तुटलं आणि दोघंही रडली. आत्या म्हणते, "तान्ह्या बाळाला खुळखुळा द्यावा तशी तू बंदूक देणार, तर दे एकदाची."

घाई आहे, काका.

शेराबाई


१९ मार्च

शेराबाई,

उशीर झाला. गुडघ्यामुळे पोस्टात जायला जमलं नाही.

काळी एकनळी घे. वजनाचं सांगतो. आमची दुनळी तीन किलो दोनशे होती. मासे पकडायच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं मिळतात, ती घे. दस्ता पोकळ असेल, मागचे स्क्रू काढून आत भर. सगळी तिथेच भरू नकोस. निम्मी दस्त्यात, निम्मी पुढच्या मुठीत. नाहीतर ती मागे झुकेल आणि तो हातात घेताच परत देईल. चिंधीत गुंडाळ म्हणजे खुळखुळणार नाहीत.

नारिंगी टोक झाकू नकोस. आम्हाला सरावाला ज्या बंदुका द्यायचे, त्यांच्या नळीला लाल चिंधी बांधलेली असायची. त्याला सांग, सरावाची आहे. ते खोटंही नाही.

रात्रपाळीकाका


३० मार्च

ती. काका,

घेतली. दुकानदाराने गोळ्यांचं पाकीट फुकट दिलं, ते मी परत केलं. तो म्हणाला, "ताई, गोळ्यांशिवाय नेणारं गिऱ्हाईक पहिलंच." तिथून पावती घेऊन पोलीस चौकीत गेले. असं करा म्हणून मला कुणीच सांगितलं नव्हतं, पण कुणी खिडकीतून बाबांना बघून घाबरलं तर? हवालदारांनी बंदूक उलटसुलट बघितली, म्हणाले, "घरातच ठेवा, आणि ते नारिंगी काढू नका." मी म्हटलं, तुम्ही हे कुठे लिहून ठेवणार का? ते म्हणाले, "तुम्हालाच फार हौस असेल तर तुम्ही लिहा." मी माझ्या वहीत लिहिलं.

शिसं भरायला दोन संध्याकाळी गेल्या. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या पार्सलच्या काट्यावर तोलून तीन किलो दोनशे केलं. पाच ग्रॅम जास्त आहे, ते चिंध्यांचं असेल.

शनिवारी सकाळी सातला बाबांसमोर दोन्ही हातांनी धरली. त्यांनी घेतली. काका, त्यांचे खांदे खाली आले. मोडायला अंगठ्याने कळ शोधली, सापडली नाही. "ही मोडत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नवीन आहे." मग टोक बघितलं. "सरावाची?" मी सांगायच्या आधीच. पुढची मूठ ओढून आत बोट घालून बघितलं, रिकामी. आणि दाराशी जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, नळी जमिनीकडे. दुपारी आत्याने दिलेला डबा उभ्यानेच खाल्ला. आत्या म्हणते, सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने पत्त्यांचा डाव पुरा केला.

तुम्ही नसता तर मला हे जमलं नसतं. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

शेराबाई

ता. क. "आला का तो?" चं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. विसरला असाल.


४ एप्रिल

ती. काका,

मी काहीतरी भयंकर चूक केली आहे.

बाबा बंदूक खाली ठेवत नाहीत. सात वाजतात, आठ वाजतात, ते दाराशीच. पहिले दोन दिवस दमून भिंतीला टेकले तेव्हा मी हळूच काढून घेतली. आता टेकत नाहीत. काल पाय सुजून बुटांच्या नाड्या सैल कराव्या लागल्या. जेवायला बसत नाहीत. "बाबा, पाळी संपली," म्हटलं तर म्हणतात, "घेणारा कुठे आहे?"

"मी घेते."

"तुझं नाव यादीत नाही."

आत्याने डोक्यावर माझी टोपी घातली आणि आवाज जाड करून म्हणाली, "द्या इकडे." बाबा म्हणाले, "ताई, तू आत जा." एवढं बरोबर ओळखलं.

आधी ते शोधत तरी होते. हिंडत होते. आता हाताला तंतोतंत वजन लागलं आणि ड्यूटी सुरू झाली, ती संपवायची कशी ते मला माहीत नाही. मीच ती सुरू केली. छत्रीएवढी हलकी राहू दिली असती तर त्यांनी फेकून दिली असती. काढून घेतली तर पुन्हा रस्त्यावर जातील. नाही काढली तर पायावर जातील. डॉक्टरांनी त्या संस्थेचा फॉर्म दिला आहे. माझ्या पर्समध्ये आहे. मी तो भरलेला नाही, पण फेकलेलाही नाही.

शेवटच्या दिवशी काय झालं होतं, काका? निवृत्तीच्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आत्याने गोड केलं होतं. ते खूप उशिरा आले आणि न जेवता झोपले. आम्हाला वाटलं, निरोप समारंभात खाऊन आले असतील.

शेराबाई


११ एप्रिल

शेराबाई,

हे पत्र मी फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. गुडघ्याचं कारण खोटं होतं. गुडघा दुखतो, पण पोस्ट आमच्या खालीच आहे.

आमचा नियम तुला माहीत आहे. बंदूक फक्त पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात द्यायची. द्यायच्या आधी मोडून दाखवायची. देणारा म्हणणार, "नळ्या रिकाम्या, काडतुसं पाच, सर्व ठीक." घेणारा म्हणणार, "सर्व ठीक, घेतली." मग रजिस्टरात दोघांच्या सह्या. सकाळी सातला मी त्याला, संध्याकाळी सातला तो मला. मध्ये दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांतच तुझी गणितं, तुझी आई गेली तेव्हाचं सगळं, माझ्या मुलाची नोकरी. बावीस वर्षांची मैत्री आम्ही दहा-दहा मिनिटांनी केली. एकदाही एकत्र जेवलो नाही. एक आत आला की दुसरा बाहेर.

त्याच्या शेवटच्या दिवशी मी साडेसहालाच पोचलो. बँकेसमोरच्या बसथांब्यावर बसलो. ठरवलं, एक बस जाऊ दे, मग जातो. ती गेली. आणखी एक जाऊ दे. मी गेलो की तो बंदूक देणार आणि जाणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडून घ्यायला कुणी भलताच येणार. मी गेलो नाही तर तो तिथेच उभा राहील. एवढंच डोक्यात होतं. मूर्खपणा होता, पण उठवेना. साडेआठपर्यंत तो दारात उभा आणि मी थांब्यावर बसलेला. शेवटी मॅनेजरने ड्रायव्हरला सांगून बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवली. ना दिली, ना घेतली, ना सही. तो गेला तेव्हा मी खांबाआड झालो.

नंतर आत जाऊन मी रजिस्टरात लिहिलं. "सायं. ७ वाजता घेतली, सर्व ठीक." त्याच्या जागीही मीच सही केली. खोटी नोंद. तुला गणितं शिकवणाऱ्या माणसाने.

तो विचारतो "आला का तो?" तो मीच. नाही आलो. बंदूक कोणती घ्यावी यावर मी तुला पानं भरून लिहिलं, कारण तेवढं मला येत होतं.

आता सांग, येऊ का? नको म्हणालीस तर वाईट वाटून घेणार नाही.

रात्रपाळीकाका


१४ एप्रिल

काका,

तुमचं पत्र वाचून मला खूप राग आला. तो लपवणं बरं नाही, म्हणून आधी लिहिते. तुम्ही एक महिना गप्प बसलात आणि मी रोज दुपारी काचेसमोर उभी राहत होते.

राग काल दुपारपर्यंत टिकला. मग भिंग पुसताना मनात आलं, मीही फॉर्म पर्समध्येच ठेवला आहे.

या. सातच्या आधी पोचू नका. बरोबर सातला.

शेराबाई


२७ एप्रिल

ती. काका,

सुखरूप पोचलात हे तुमच्या मुलाकडून कळलं. बंदूक गुंडाळून नेलीत त्या उशीच्या अभ्र्यातून नारिंगी टोक बाहेर बघत होतं म्हणून बसमध्ये तुमच्या शेजारी कुणी बसलं नाही, हेही कळलं. पावती सोबत दिली होती ती जपून ठेवा. आणि नातवाच्या हाती देऊ नका, रिकामी असली तरी. हवालदारांना मी बंदूक आता घरी नाही असं सांगून आले. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच चौकी चालवा."

त्या संध्याकाळी तुम्हाला सगळं ऐकू आलं नसणार. बाबा तुमच्या डाव्या, बहिऱ्या कानाच्या बाजूला होते. म्हणून क्रमाने लिहिते.

तुम्ही दारात आलात तेव्हा बाबांनी मनगटावरचं बंद घड्याळ बघितलं.

"उशीर झाला."

हे तुम्हाला कळलं, कारण तुम्ही "झाला" म्हणालात.

"किती?"

तुमचं तोंड वेडंवाकडं झालं. "सहा वर्षं."

"शेऱ्यात लिही," बाबा म्हणाले. मग मूठ मागे ओढून दाखवली. "नळी रिकामी. काडतूस नाही. सर्व ठीक."

"सर्व ठीक, घेतली."

काका, त्यांच्या हातातून ती तुमच्या हातात गेली तेव्हा मी त्यांची बोटं बघत होते. त्यांनी स्वतः सोडली.

मग तुम्ही चष्मा शोधून माझ्या वहीवर वाकलात. नोंद माझ्याकडे आहे. बाबांची सही थोडी तिरकी, तुमची नेहमीची, आणि शेऱ्यात तुमच्या अक्षरात, "घेणारा सहा वर्षे उशिरा आला." खरी नोंद. त्यानंतर तुम्ही दोघं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर जेवायला बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. आत्या मला आत येऊन म्हणाली, "एवढ्यासाठी हा माणूस दिवसभर बसमध्ये बसून आला?"

बाबा आता सकाळी सातला उठतात, दाराची कडी बघतात, आणि परत येऊन चहा मागतात. परवा एकदा विचारलं, "बंदूक?" मी म्हटलं, "काकांनी घेतली. सही आहे." वही दाखवली. त्यांनी बोट ठेवून वाचली आणि वर्तमानपत्र उघडलं. रोज असंच होईल असं मी म्हणत नाही. मंगळवारी जिन्याच्या तोंडापर्यंत गेले होते, पण स्वतःच परतले. फॉर्म फाडला नाही अजून. पर्समधून काढून कपाटात ठेवला आहे, सर्वांत खालच्या खणात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही वहीवर वाकून सही करत होतात तेव्हा बाबा मला काहीतरी म्हणाले. तुम्ही मान वर करून विचारलंत, "काय म्हणाला?" आणि मी म्हटलं, "काही नाही." ते खोटं होतं. तुमची सही अर्धीच झाली होती, म्हणून तसं बोलले. पण माझ्याच्याने ते तसंच राहू देववत नाही.

बाबा तुमच्या टकलाकडे बघत होते. हळूच म्हणाले, "मला दिसत होता हा. समोर थांब्यावर बसला होता. म्हटलं, बसू दे थोडा. उठेल."

सर्व ठीक असं अजूनही लिहवत नाही. बरंचसं ठीक.

तुमची
शेराबाई